सोडियम ११४: पाणी पाजूनही गुंगी का आली?

प्रश्न थोडक्यात असा. आई ७२ वर्षांची, वजन ५५ किलो, ब्लड प्रेशरची गोळी चालू. तीन दिवस जुलाब झाले. घरच्यांनी उकळलेलं पाणी, पातळ पेज आणि नारळपाणी भरपूर पाजलं. तिसऱ्या रात्री आई असंबद्ध बोलायला लागली, दवाखान्यात नेल्यावर सोडियम ११४ निघालं (एरवी १४० च्या आसपास असतं). ‘अंगातलं पाणी जात होतं आणि आम्ही पाणीच देत होतो, मग बिघडलं कुठे? मीठ कमी झालंय तर डॉक्टर ते एका दिवसात का भरून काढत नाहीत? ग्लुकोजची सलाईन मागितली तर नको का म्हणाले?’

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. रिपोर्टवरचा सोडियमचा आकडा अंगात एकूण मीठ किती आहे हे सांगत नाही. ते मीठ किती पाण्यात पसरलंय, एवढंच सांगतो. पेशी फुगल्यात की आकसल्यात हे त्या आकड्यावरून कळतं. अंगात एकूण मीठ किती उरलंय हे रुग्णाकडे बघून ठरवायचं असतं: नाडी, उभं केल्यावर पडणारं ब्लड प्रेशर, जीभ, मानेच्या शिरा, पायावरची सूज. हे दोन हिशोब आहेत. ते एकमेकांत मिसळले की उपचार चुकतात, घरी आणि कधीकधी दवाखान्यातही.

आधी पाणी कुठे कुठे असतं ते पाहू. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या शरीरात वजनाच्या साधारण ४५ टक्के पाणी असतं, म्हणजे आईंच्या अंगात सुमारे २५ लिटर. (तरुण पुरुषात ६० टक्के, तान्ह्या बाळात ७० ते ७५. चरबीत पाणी कमी असतं आणि वयाबरोबर स्नायू घटतात, म्हणून हा फरक.) यातला दोन तृतीयांश भाग, १६-१७ लिटर, पेशींच्या आत असतो. बाहेर आठ-साडेआठ लिटर. त्यातही रक्तवाहिन्यांत फिरणारा रक्तद्रव जेमतेम दोन लिटर, उरलेलं पाणी पेशींच्या मधल्या फटींत.

या तीन कप्प्यांमध्ये दोन भिंती आहेत आणि दोघींचे कायदे वेगळे आहेत. केशवाहिनीची भिंत मीठ आणि पाणी दोन्ही आरपार जाऊ देते, फक्त अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं अडवते. पेशीपटल, शाळेच्या पुस्तकातलं प्रद्रव्यपटल, पाणी जाऊ देतं पण मीठ अडवतं. कुठली सलाईन कुठे जाऊन पोचेल हे या एका फरकावर ठरतं.

पेशीपटल मुळात स्निग्ध पदार्थांचा दुहेरी थर. त्यातून पाणी झिरपतं, पण सावकाश. तांबड्या पेशीत किंवा मूत्रपिंडाच्या नलिकेत पाणी ज्या वेगानं ये-जा करतं ते नुसत्या झिरपण्यानं शक्य नव्हतं. त्याचं उत्तर पीटर ॲग्री यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली मिळालं. तांबड्या पेशींवरच्या एका प्रथिनाचा संदेश-आरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवायची सूचना, त्यांनी बेडकाच्या अंड्यांत घातला आणि ती अंडी पातळ द्रावणात सोडली. साधी अंडी जशीच्या तशी राहिली, ही मात्र भराभर फुगून फुटली. हे प्रथिन म्हणजे ॲक्वापोरिन, पाण्याची खास वाट. यातून पाण्याचे रेणू एका रांगेत जातात, सोडियम जात नाही. २००३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी मिळालं. मूत्रपिंडाच्या शेवटच्या नळीतलं ॲक्वापोरिन-२ आपल्या गोष्टीत पुढे येणार आहे, ते लक्षात ठेवा.

वाट आहे, पण पाणी ढकलणारा पंप पेशीला नाही. पंप आहे तो सोडियम-पोटॅशियमचा. येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये दाखवलेला हा पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे बाहेर सोडियम १४० मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं एकक) प्रति लिटर आणि आत १०-१५, तर पोटॅशियम आत १४० च्या आसपास आणि बाहेर अवघं ४. पाणी स्वतः काही ठरवत नाही. ज्या बाजूला न ओलांडता येणारे कण जास्त, त्या बाजूला ते जातं. यालाच परासरण म्हणतात.

हा ओढा किती जबर असतो याची बहुतेकांना कल्पना नसते. दोन बाजूंच्या तीव्रतेत लिटरमागे एका मिलिऑसमोलचा (विरघळलेले सगळे कण मिळून मोजायचं एकक) फरक पडला तर १९ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब तयार होतो. दहाचा फरक म्हणजे १९०, हृदयाच्या ठोक्याच्या दाबापेक्षा जास्त. म्हणून असा फरक अंगात टिकतच नाही. पाणी काही मिनिटांत सरकतं आणि दोन्हीकडची तीव्रता सारखी होते. बाहेर सोडियम १४० वरून ११४ वर आलं, याचा अर्थ पेशींच्या आतलं द्रावणही तितकंच पातळ झालंय.

इथे एक बारकावा आहे. सगळे कण ओढा निर्माण करत नाहीत. युरिया पेशीपटल ओलांडून दोन्हीकडे सारखा होतो, त्यामुळे किडनीच्या रुग्णाचा युरिया २०० असला तरी त्यानं पेशी आकसत नाहीत. (डायलिसिसवर तो झपाट्यानं उतरवला तर मात्र मेंदूतला युरिया मागे राहतो आणि पाणी आत ओढतो, म्हणून पहिली डायलिसिस छोटी ठेवतात.) ग्लुकोजला बहुतेक पेशींत शिरायला इन्शुलिन लागतं. साखर ६०० झाली की ती पेशींतलं पाणी बाहेर खेचते आणि सोडियम पातळ होऊन कमी दिसतं. अशा वेळी १०० च्या वरच्या दर १०० मिलिग्रॅम साखरेमागे सोडियममध्ये १.६ मिळवून वाचायचं: साखर ६०० आणि सोडियम १३० असेल तर खरं सोडियम १३८. परिणामकारक तीव्रतेचा हिशोब सोपा आहे, सोडियमची दुप्पट अधिक साखर भागिले १८. निरोगी माणसात २८५ च्या आसपास.

आता आईंचा हिशोब मांडू. ढोबळ आहे, पण उत्तराच्या जवळ नेतो. पेशींच्या आत पोटॅशियम आणि बाहेर सोडियम, दोन्ही मिळून पाण्याच्या लिटरमागे १४०. २५ लिटरचे ३५०० मिलिमोल. साध्या जुलाबाच्या पाण्यात सोडियम आणि पोटॅशियम मिळून लिटरमागे १०० च्या आसपास जातात. (कॉलऱ्यात बरेच जास्त.) तीन दिवसांत सहा लिटर जुलाब झाले तर ६०० मिलिमोल गेले. पाणी तुम्ही जवळपास सगळं भरून दिलंत, पण मीठ जवळपास काहीच नाही. ३५०० वजा ६०० म्हणजे २९००, भागिले २५ लिटर: ११६. रिपोर्टवर आलं ११४. म्हणजे पाणी कमी पाजलं हा दोष नव्हता. गेलं ते खारट पाणी, आलं ते बिनमिठाचं.

नारळपाण्याबद्दल घरोघरी गैरसमज आहे. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम फार कमी. तब्येत ठीक असताना छान पेय, पण जुलाबात ते ओआरएसची जागा घेऊ शकत नाही. किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टनसारखी गोळी चालू असेल तर पोटॅशियम वर जाण्याची भीती वेगळी. पातळ पेज चांगली, पण मीठ घातलेलं असेल तर. आजाऱ्याला मीठ नको म्हणून बिनमिठाची पेज देण्याची पद्धत जुलाबात उलटी पडते.

कोणीही विचारेल, जास्तीचं पाणी किडनीनं लघवीवाटे का फेकलं नाही? निरोगी किडनी लघवी ५० मिलिऑसमोलइतकी पातळ करू शकते. रोज जेवणातून ६०० मिलिऑसमोल टाकाऊ कण येतात, म्हणजे कागदावर दिवसाला १२ लिटर पाणी फेकण्याची तिची ताकद आहे. आईंच्या बाबतीत तीन गोष्टींनी ती ताकद मोडली.

पहिली, व्हॅसोप्रेसिन, म्हणजे किडनीला पाणी धरून ठेवायला सांगणारं संप्रेरक. मेंदूच्या तळाशी तीव्रता मोजणाऱ्या पेशी असतात. एक-दोन टक्के फरकही त्यांना कळतो. रक्त पातळ झालं की व्हॅसोप्रेसिन थांबायला हवं. पण जुलाबानं मीठ जाऊन रक्ताचं आकारमान आठ-दहा टक्के घटलं की शरीर तीव्रतेपेक्षा रक्तदाबाला महत्त्व देतं आणि रक्त पातळ असूनही व्हॅसोप्रेसिन सोडत राहतं. मळमळ आणि वेदनाही तेच करतात. या संप्रेरकाच्या हुकुमानं नळीच्या पेशींतली ॲक्वापोरिन-२ पृष्ठभागावर येतात, पाणी परत शोषलं जातं आणि लघवी थोडी, घट्ट होते. पाजलेलं पाणी अंगातच राहतं.

दुसरी, जेवण. तीन दिवस पेजेवर असलेल्या माणसाकडे टाकायला कण फार तर २०० मिलिऑसमोल. म्हातारपणी किडनीला लघवी १०० च्या खाली पातळ करणं जमत नाही. २०० भागिले १०० म्हणजे दिवसाला दोन लिटर, त्यापेक्षा जास्त पाणी ती फेकूच शकत नाही. जुलाब नसताना, नुसत्या चहा-बिस्किटांवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं सोडियम याच कारणानं उतरतं.

तिसरी, ती गोळी. पाकिटावर नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ असेल, किंवा घटकांत हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड यांपैकी काही असेल, तर ती लघवी पातळ करणारा भागच बंद पाडते. वयस्क, सडपातळ बायकांमध्ये सोडियम उतरण्याचं हे नेहमीचं कारण आहे. जुलाब सुरू झाले की ही गोळी थांबवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारायला हवं. नैराश्यासाठीची एस्सिटालोप्राम आणि फिटसाठीची कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन याही संशयितांच्या यादीत.

आजारी नसलेल्या माणसालाही हे होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याहून कमी निघालं. शर्यतीत वजन घटण्याऐवजी वाढलं त्यांना धोका सर्वात जास्त होता, म्हणजे घामापेक्षा पाणी जास्त प्यायलेल्यांना.

मेंदूच का?

सोडियम १४० चं ११६ झालं आणि पेशींतले कण होते तेवढेच राहिले, तर पेशींचं पाणी वीस टक्क्यांनी वाढायला हवं. हातापायाचे स्नायू वीस टक्के फुगले तरी फारसं बिघडत नाही. कवटीत मात्र जागाच नसते. मेंदू पाच ते आठ टक्के फुगला तरी खाली सरकून श्वासाचं केंद्र दाबलं जाऊ शकतं.

म्हणून मेंदूच्या पेशींनी स्वतःची सोय केलेली आहे. पहिल्या काही तासांत त्या पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर टाकतात, नंतर ग्लुटामेट, टॉरिन, मायो-इनोसिटॉल, क्रिएटिन असे सेंद्रिय कण. ४८ तासांत फुगवटा बराचसा उतरतो. म्हणून तीन दिवसांत ११४ वर आलेला माणूस नुसता गोंधळलेला दिसतो, तर काही तासांत १२० वर आलेल्याला फिट येऊन तो बेशुद्ध पडू शकतो. आकड्याइतकाच तो किती वेळात उतरला हे महत्त्वाचं. सोडियम कधीपासून कमी असेल हे डॉक्टर खोदून खोदून विचारतात ते यासाठी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. मेंदूच्या पेशींनी कण फेकून दिलेत आणि आता त्या पातळ द्रावणात सुखानं आहेत. अशा वेळी बाहेरचं सोडियम झपाट्यानं वाढवलं तर पाणी पेशींतून बाहेर ओढलं जातं. फेकलेले सेंद्रिय कण परत जमवायला पेशींना दिवस लागतात. त्या अवधीत आकसलेल्या पेशी मरतात, विशेषतः मेंदूच्या देठातल्या, आणि मज्जातंतूंवरचं आवरण निघून जातं. हे लगेच दिसत नाही. सोडियम सुधारलं, माणूस शुद्धीवर आला, घरचे खूश, आणि दोन ते सहा दिवसांनी बोलणं जड होतं, घास गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. ते बरं होईलच याची खात्री नसते. म्हणून २४ तासांत वाढ आठपर्यंत ठेवतात, दहाच्या पुढे नाहीच. दारूचं व्यसन, यकृताचा आजार, कुपोषण, कमी पोटॅशियम किंवा १०५ च्या आत गेलेलं सोडियम असेल तर आठ ही लक्ष्मणरेषाच.

फिट आली असेल, उलट्या होत असतील, रुग्ण हाकेला उत्तर देत नसेल, तर मात्र थांबायचं नसतं. तेव्हा ३ टक्के सलाईन १०० ते १५० मिलिलिटर, दहा-वीस मिनिटांत. चार ते सहाची वाढ मेंदूची सूज उतरवायला पुरते. किती वाढेल याचा अंदाज: बाटलीतलं सोडियम वजा रुग्णाचं सोडियम, भागिले (अंगातलं पाणी अधिक एक लिटर). ३ टक्क्यांच्या लिटरमध्ये ५१३ मिलिमोल असतात. ५१३ वजा ११४ म्हणजे ३९९, भागिले २६: लिटरमागे १५, म्हणजे १५० मिलिलिटरला साधारण २.३. दोनदा दिलं की साडेचारच्या पुढे. तिथे थांबून पुन्हा रक्त तपासायचं.

हेच सूत्र साध्या ०.९ टक्के सलाईनला लावा. तिच्यात १५४. १५४ वजा ११४ म्हणजे ४०, भागिले २६: एक लिटर दिल्यावर वाढ दीड. कागदावर अगदी निरुपद्रवी. प्रत्यक्षात जुलाबाच्या रुग्णात घात होतो तो इथेच. दोन-तीन लिटर सलाईननं रक्ताचं आकारमान भरून आलं की व्हॅसोप्रेसिनचं कारण संपतं. ते बंद होतं, ॲक्वापोरिन-२ आत ओढली जातात आणि किडनी साठलेलं पाणी एकदम सोडते. तासाला तीनशे-चारशे मिलिलिटर पाण्यासारखी लघवी सुरू होते आणि सूत्रानं सांगितलेल्या दीडऐवजी सोडियम रात्रीतून पंधरानं चढतं. सलाईननं एवढं चढवलेलं नसतं, ते लघवीतून गेलेल्या पाण्यानं चढतं. सूत्रात लघवीला जागा नाही.

म्हणून लघवीच्या पिशवीवर नजर ठेवा. नातेवाइकांना हे सहज जमण्यासारखं आहे. आधी पिवळीधमक, थोडी येणारी लघवी एकाएकी पांढरी स्वच्छ झाली आणि तासाला १०० मिलिलिटरच्या वर जायला लागली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी नर्सला सांगा. तेव्हा लगेच सोडियम तपासतात आणि गरजेप्रमाणे सलाईन थांबवून ५ टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची सलाईन) किंवा व्हॅसोप्रेसिनसारखं काम करणाऱ्या डेस्मोप्रेसिनचं इंजेक्शन देऊन वेग रोखतात. पहिल्या दिवशी दर चार ते सहा तासांनी रक्त घेतात ते याचसाठी. ‘उगाच सुया टोचतात’ म्हणून त्याला नकार देऊ नका. रक्त मात्र सलाईन चालू असलेल्या हातातून काढू देऊ नका, आकडा बाटलीचा येतो.

पोटॅशियमची एक गोष्ट नवख्या डॉक्टरांच्याही नजरेतून सुटते. दिलेलं पोटॅशियम पेशीत जातं आणि त्याच्या बदल्यात सोडियम बाहेर येतं, शिवाय ते कण म्हणून मोजलं जातंच. म्हणजे पोटॅशियम क्लोराइड सोडियमही चढवतं. जुलाबाच्या रुग्णात दोन्ही कमी असतात, दोन्ही एकदम द्यायची घाई झाली की मर्यादा ओलांडली जाते.

कुठली बाटली कुठे जाते

५ टक्के डेक्स्ट्रोजच्या लिटरमध्ये ५० ग्रॅम ग्लुकोज असतं. बाटलीत असताना तिची तीव्रता रक्ताच्या जवळपास, म्हणून शिरेतून देता येते. शिरेत गेल्यावर पेशी ते ग्लुकोज वापरून टाकतात आणि उरतं निव्वळ पाणी. निव्वळ पाण्याला दोन्ही भिंती मोकळ्या: लिटरमधलं सुमारे ६६७ मिलिलिटर पेशींत जातं, ३३३ बाहेर राहतं आणि त्यातलं रक्तात जेमतेम ८०-८५. सोडियम ११४ असलेल्या रुग्णात याचा अर्थ फुगलेल्या मेंदूला आणखी पाणी. डॉक्टर नको म्हणाले ते यासाठी. आणि ‘ताकद येते’ म्हणावं तर लिटरभर बाटलीत उष्मांक दोनशेच्या आत, दोन-अडीच पोळ्यांइतके.

हेच डेक्स्ट्रोज वर सांगितल्याप्रमाणे सोडियम फार वेगानं चढत असताना औषध ठरतं. पाणी प्यायला न मिळाल्यानं सोडियम १६० झालेल्या रुग्णालाही तेच लागतं.

०.९ टक्के सलाईनचं मीठ पेशीपटल ओलांडत नाही, म्हणून सगळी लिटरभर बाटली पेशींबाहेर राहते: २५० मिलिलिटर रक्तात, ७५० फटींत. रिंगर लॅक्टेटमध्ये सोडियम १३० च्या आसपास. जुलाबात उत्तम, डोक्याला मार लागलेल्यात टाळतात, कारण ती किंचित पातळ आहे. आपल्याकडची लाडकी डीएनएस म्हणजे ०.९ टक्के सलाईनमध्ये ५ टक्के डेक्स्ट्रोज. साखर जळली की मागे साधी सलाईनच उरते. मधुमेह्याला ती कारणाशिवाय लावणं म्हणजे साखर वाढवून घेणं.

इंजेक्शनची पावडर विरघळवायचं निव्वळ निर्जंतुक पाणी शिरेतून मोठ्या प्रमाणात कधीच देत नाहीत. तांबड्या पेशी ०.४५ ते ०.५ टक्के मिठाच्या द्रावणात फुटायला लागतात आणि ०.३ टक्क्यांत जवळपास सगळ्या फुटतात. निव्वळ पाण्यात तर विचारायलाच नको.

केशवाहिनीच्या भिंतीचा हिशोब वेगळा. तिथे रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो आणि प्रथिनांचा २५ मिलिमीटरच्या आसपासचा ओढा त्याला धरून ठेवतो. बाहेर गेलेलं पाणी मुख्यतः लसिकावाहिन्यांतून परत येतं. हा समतोल ढळला की पायावर सूज येते, आणि ती सूज म्हणजे पेशींबाहेर साठलेलं मीठ-पाणी. म्हणून ‘पाय सुजलेत, पाणी कमी प्या’ हा सल्ला अर्धवट आहे. सुजेसाठी आधी मीठ कमी करायचं. पाण्यावर बंधन प्रामुख्यानं सोडियमही उतरलं असेल तेव्हा. डेंग्यूत ही भिंतच गळते, पेशीपटल शाबूत असतं. त्यामुळे सोडियम ठीक असून रक्त दाट होतं. पावसाळ्यात सगळं घर प्लेटलेट्स मोजत बसतं, धोका मात्र हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) वीस टक्क्यांनी चढण्यात असतो.

घरी काय द्यायला हवं होतं

ओआरएस. आतड्याच्या पेशीत शिरायची एक वाट अशी आहे की तिथे दोन सोडियम आणि एक ग्लुकोज जोडीनंच आत जातात, आणि जुलाबातही ही वाट बहुधा शाबूत राहते. मीठ आत गेलं की पाणी आपोआप मागे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले, ते याच वाटेनं.

२००२ पासूनच्या सूत्रात लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल, एकूण तीव्रता २४५, रक्तापेक्षा मुद्दाम थोडी कमी, म्हणजे पाणी आतड्यातून रक्ताकडे सरकतं. कोल्ड्रिंक किंवा खोक्यातल्या फळांच्या रसात साखर यापेक्षा कितीतरी जास्त असते. तो उलट रक्तातलं पाणी आतड्यात ओढतो आणि जुलाब वाढतात. ग्लुकोजची पूड विरघळवून दिली तर साखर आहे पण जोडीला सोडियम नाही. दुकानात गोड पेयांवर ठळक ‘ओआरएस’ छापलेलं असायचं. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं (एफएसएसएआय) ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला मनाई केली, तरी पाकीट उलटं करून वरचे आकडे बघूनच घ्या.

चूक सर्वात जास्त होते ती कालवण्यात. मोठं, वीस-एकवीस ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, चार ग्रॅमच्या आसपासचं छोटं २०० मिलिलिटरसाठी. मोठं पाकीट एका पेल्यात कालवलं तर सोडियम ३७५ होतं, समुद्राच्या पाण्याच्या निम्म्याहून जास्त. तान्ह्या बाळाला ते पाजलं तर मेंदूच्या पेशी आकसून फिट येते. उलट बाजूला, ‘जरा जरा पूड’ चिमटीनं पेलाभर पाण्यात टाकली तर ते पाणीच. पाकीट एकदम पूर्ण फोडायचं, लिटरची बाटली मापून घ्यायची, २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. वर साखर, सरबत, काही घालायचं नाही. पाकीट मिळालंच नाही तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा बोटानं सपाट करा, शीग नको.

दर पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, दहा वर्षांपर्यंत १०० ते २००, मोठ्यांना हवं तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, पण दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. पेलाभर एकदम दिलं की पुन्हा उलटी ठरलेली. सोबत मीठ घातलेली पेज, ताक, डाळीचं पाणी, वरण-भात चालू ठेवा. किडनीला फेकायला कणही मिळतात.

सहा-आठ तास लघवी नाही, जुलाबात डोकं दुखून मळमळ वाढतेय, चालताना तोल जातोय, माणूस नेहमीपेक्षा झोपाळलेला किंवा विसंगत बोलतोय, यातलं काहीही दिसलं तर घरी आणखी पाणी पाजत बसू नका, सोडियम तपासून घ्या. वयस्क माणसात विसंगत बोलणं वयाच्या खात्यावर टाकलं जातं आणि दिवस जातो.

आई घरी आल्या की थायझाइडची (वर सांगितलेल्या ‘एच’, ‘सीटी’ गटातली) ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. एकदा यानं सोडियम उतरलेल्या व्यक्तीला बहुधा दुसऱ्या गटातली गोळी देतात. आठवड्याभरात सोडियम-पोटॅशियम पुन्हा तपासा. पाणी तहानेप्रमाणे द्या, ‘दिवसाला चार लिटर’ असा नेम नको. आणि त्या गोळीचं नाव त्यांच्या फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवा, म्हणजे पुढचा डॉक्टर ब्लड प्रेशर वाढलेलं बघून तीच परत लिहून देणार नाही.